ओढ्यांच्या आम्लीकरणाचा अभ्यास मुंबईतून सुरू करताना

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून ओढ्यांच्या आम्लीकरणावर, म्हणजे त्यांचे पाणी आम्लधर्मी होत जाण्यावर, काम करू इच्छिणारे विद्यार्थी मुंबईत भेटले की मी त्यांना आधी खडकाविषयी विचारतो. आपल्याकडचा बेसाल्ट झिजताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोडतो, त्यामुळे बाहेरून येणारे आम्ल बरेचसे तिथेच निष्प्रभ होते. नॉर्वे किंवा वेल्समधील चुना कमी असलेल्या खडकांवरच्या ओढ्यांना हे संरक्षण नव्हते. म्हणून केवळ पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) न नोंदवता पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमताही मोजावी. पीएच मात्र ओढ्याच्या काठावरच घ्यावा, कारण प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि आकडा बदलतो.

पीएच ६ वरून ५ वर आला म्हणजे आम्लता दहापट वाढली. अशा पाण्यात प्राण्यांच्या शरीरातील सोडियम बाहेर झिरपते, मातीतील ॲल्युमिनियम विरघळून कल्ल्यांना इजा करते आणि गोगलगायींना कवचासाठी कॅल्शियम पुरत नाही. युरोपातील ओढ्यांत पडलेली पाने कुरतडणारे गॅमरससारखे कोळंबीवर्गीय छोटे जीव गेले की पानांचे विघटनही मंदावते, म्हणजे नुकसान एका जातीपुरते राहत नाही. १९७७ साली अमेरिकेतील हबर्ड ब्रुक या संशोधनासाठी राखलेल्या जंगलात संशोधकांनी एका ओढ्याचा पीएच मुद्दाम ४ च्या आसपास आणून हे परिणाम तपासले होते.

पाण्यातील असे बदल ओढ्यात राहणाऱ्या मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांसारख्या कीटकांवरून कळतात, म्हणून खरी मेहनत कीटक ओळखण्यात आहे आणि तिला पर्याय नाही. पांढऱ्या ट्रेमध्ये थोडे पाणी घेऊन भिंगाखाली पाहिल्यास मेफ्लायच्या पिल्लाच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले फडफडताना दिसतात आणि त्याच्या प्रत्येक पायाला एकच नखी असते. स्टोनफ्लायच्या पायाला दोन नख्या असतात आणि शेपट्याही दोनच. मेफ्लायच्या शेपट्या बहुधा तीन असल्या तरी काही जातींत दोनच असतात, म्हणून निर्णय नखीवरून करावा.

मुंबईत सर्वाधिक सावध राहायला हवे ते निष्कर्ष काढताना. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वस्तीत उतरल्यावर मेफ्लाय दिसेनाशा झाल्या, तर दोष आम्लाला देण्याआधी सांडपाणी आणि विरघळलेला ऑक्सिजन पाहावा. युरोपात आम्लधर्मी पाण्यात अनेक स्टोनफ्लाय तग धरतात, तर सांडपाण्यात त्याच लवकर नाहीशा होतात आणि कायरोनोमस या डासासारख्या कीटकाच्या लाल अळ्यांची गर्दी होते. तरीही कोणती जात काय सहन करते याच्या युरोपातील याद्या सह्याद्रीतल्या जातींना जशाच्या तशा लावणे मला योग्य वाटत नाही, कारण इथल्या जाती वेगळ्या आहेत.

प्रत्यक्ष आम्लधर्मी पाण्यावर काम करायचे असल्यास मेघालयातील जैंतिया टेकड्यांचा विचार करावा. तिथे कोळसा खाणींतील गंधकयुक्त खनिजे हवा आणि पाण्याच्या संपर्काने आम्ल निर्माण करतात, मात्र त्या पाण्यात धातूही असल्याने आम्लाचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. मुंबईत सरावासाठी उद्यानातील ओढे पुरेसे आहेत. नमुने घेण्यासाठी वन विभागाच्या परवानगीचा अर्ज पावसाळ्यापूर्वीच करावा, म्हणजे पूर ओसरून तळाचे दगड पुन्हा स्थिरावल्यावर लगेच काम सुरू करता येते.