क्रिएटिव्ह मिनिस्ट्री करायचीये? आधी माणसं शोधा (तरुण पाळकांसाठी)

सेरामपूरची बीडी (पाळक व्हायची पदवी) झालीये, एखाद्या मंडळीत असिस्टंट म्हणून लागलाय आणि रविवारी समोर बघितलं की पंचविशीतलं फारसं कुणी दिसत नाही, आणि म्हणून क्रिएटिव्ह मिनिस्ट्री, म्हणजे कला आणि नव्या पद्धती वापरून उपासना, करून बघायचीये, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. मी मूळचा नाशिकचा, पुढच्या शिक्षणाला इंग्लंडला आलो आणि लंडनमध्येच युथ पास्टर म्हणून सेवा करायला लागलो, त्यामुळे मला माहितीये ते जास्त करून इथलं.

आजची पिढी पोस्टमॉडर्न आहे, म्हणजे कुठलंही एकच सत्य डोळे झाकून मानत नाही, असं प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकाल, त्याचं टेन्शन घेऊ नका. मला कामात जाणवलं ते एवढंच की समोरचा मुलगा किंवा मुलगी तुम्ही पाळक आहात म्हणून तुमचं ऐकून घेणार नाही, त्यांना उलट प्रश्न विचारायला जागा पाहिजे आणि तुम्ही सांगताय ते कुणाच्या तरी जगण्यात दिसलं पाहिजे.

अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या शेवटी डॅलसच्या लीडरशिप नेटवर्क या चर्चच्या नेत्यांसोबत काम करणाऱ्या संस्थेने तरुण पाळकांना एकत्र बसवायला सुरुवात केली. विषय होता तरुण पिढी चर्चपासून लांब का जातेय, पण बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की हे नुसतं वयाचं नाही, आजूबाजूची अख्खी संस्कृतीच बदललीये. ब्रायन मॅक्लॅरन, डग पॅजिट, टोनी जोन्स ही मंडळी त्यातूनच पुढे आली आणि २००१ च्या सुमारास या चळवळीला इमर्जंट हे नाव रूढ झालं. पॅजिट यांनी २००० साली मिनियापोलिसमध्ये सुरू केलेल्या चर्चमध्ये बाकांऐवजी गोलात मांडलेले सोफे होते. इंग्लंडमध्ये तर त्याच्याही आधीपासून ऑल्टरनेटिव्ह वर्शिपचे, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीने उपासना करणारे गट होते, लंडनच्या ईलिंगमधला ग्रेस हा गट १९९३ पासूनचा, आणि २००० साली अशाच लोकांनी सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेचा चक्रव्यूह मांडला होता, हेडफोन लावून हळूहळू चालत आत जायचं आणि तसंच बाहेर यायचं.

आता नवीन लोक हे सगळं बघतात आणि सोफे, मेणबत्त्या, प्रोजेक्टर तेवढं उचलतात. मला मनापासून वाटतं की खरी गोष्ट तिथे नाहीचे, ती उपासनेच्या आधीच्या मीटिंगमध्ये आहे. मी ज्या गटात शिकलो तिथे महिन्याची उपासना कुणाच्या तरी घरी जेवताना ठरायची, आणि तयार उपदेश घेऊन कुणीच यायचं नाही, पाळकसुद्धा नाही. उतारा वाचायचा, ज्याला जे भिडलं ते त्याने सांगायचं आणि मग कोण काय करणार ते वाटून घ्यायचं. एका लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस) गेथशेमाने बागेचा, म्हणजे येशू अटकेच्या आधीच्या रात्री प्रार्थना करतो तो उतारा होता, गटातल्या एका नर्सने नाइट ड्यूटीला पहाटे तीन वाजता ती काय काय करते ते कुणाचंही नाव न घेता वाचून दाखवलं, सलाइन बदलणं, घाबरलेल्या म्हातारीचा हात धरून बसणं, मग फॉर्म भरणं, आणि त्यानंतर लगेच येशू शिष्यांना जागे राहा म्हणतो ते वचन वाचलं. तो उतारा मी संडे स्कूलपासून ऐकतोय पण जागं राहणं म्हणजे काय हे मला त्या संध्याकाळी समजलं, आणि हे मला एकट्याला स्टडीत बसून कधीच सुचलं नसतं. न्यूझीलंडचे मार्क पिअर्सन अशा पाळकाला क्युरेटर म्हणतात, म्हणजे लोकांनी आणलेलं नीट मांडायचं, मध्ये मध्ये स्वतः लुडबुड करायची नाही. ऑकलंडच्या त्यांच्या चर्चमध्ये ईस्टरच्या वेळी कलाकारांकडून क्रूसाच्या वाटेवरची चित्रं आणि मांडणी करून घ्यायचे.

आपल्याकडे हे काही परकं नाहीये हो. फादर स्टीफन्सनी गोव्यात ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, ते छापलं १६१६ मध्ये, नगरला एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि नारायण वामन टिळकांची पदं तर आजही रविवारी म्हणतो आपण. तेव्हा लंडनचं काही तसंच्या तसं पुण्यात नेऊ नका, तुमच्या तरुण संघातली मुलं रॅप करत असतील तर तिथून सुरू करा, गोधडी शिवणारी आजी असेल तर तिला विचारा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. इंग्लंडमधल्या शेफील्डची नाइन ओ'क्लॉक सर्व्हिस ही अशीच नव्या पद्धतीची उपासना १९८६ ला सुरू झाली, तरुणांची तुफान गर्दी, बिशपसुद्धा खूश, आणि १९९५ ला नेत्याने बायकांचं शोषण केल्याचं बाहेर आलं आणि सगळं कोसळलं. सिअ‍ॅटलचं मार्स हिल चर्चही नेतृत्वाच्या वागण्यावरून वाद होऊन २०१४ च्या शेवटी बंद झालं. म्हणून मी माणसं शोधा म्हणतो ते नेटवर्क म्हणजे नुसती ओळखी वाढवायची जागा नाही, तुम्हाला तोंडावर 'हे चुकतंय' म्हणू शकणारी दोन-तीन माणसं तुमच्याकडे पाहिजेतच, त्यात तुमच्या हाताखाली नसलेली एखादी बाई पाहिजेच पाहिजे, आणि पैशांचा हिशोब दुसऱ्याच्या हातात.

इंग्लंडला येणार असाल तर ऑगस्टच्या शेवटी ग्रीनबेल्ट या ख्रिस्ती कला-संगीताच्या फेस्टिव्हलला जा, १९७४ पासून चालू आहे, व्हॉलंटिअर केलं तर तिकीट लागत नाही आणि तंबूत चहा वाटताना जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या कुठल्याच कॉन्फरन्समध्ये होत नाहीत. २००४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडचा मिशन-शेप्ड चर्च हा रिपोर्ट आला आणि त्यानंतर पायोनियर, म्हणजे नव्या प्रकारच्या मंडळ्या उभ्या करणाऱ्या पाळकांसाठी दीक्षेची वेगळी वाट झाली. ज्या सीएमएसने (चर्च मिशनरी सोसायटी) आमच्या नाशकात शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली तिनेच २०१० ला ऑक्सफर्डमध्ये पायोनियर ट्रेनिंग सुरू केलं. पण पगाराची आशा धरून येऊ नका, अशा गटांतले बरेच जण दुसरी नोकरी सांभाळून सेवा करतात.

आणि भारतातच असाल तर चार-पाच पाळक गाठा, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, कॅथलिक फादर भेटले तर फारच छान. आपापल्या बिशपला किंवा पंच कमिटीला आधीच कळवून ठेवा, मागाहून कळलं की विनाकारण संशय येतो. पहिल्या भेटीला गिटार वगैरे काही नेऊ नका, आपल्या मंडळीतून कोण निघून गेलं आणि जाताना काय म्हणालं एवढंच प्रत्येकाने सांगायचं, नीट लिहून घ्यायचं, आणि पुढच्या वेळी त्यांच्यापैकी एकाला जेवायला बोलवायचं.