घरटॅक्सची पावती फाडायच्या आधी नमुना आठ वाचा

आमची शेवटची म्हैस 2009 साली विकली. पुढच्या पावसाळ्यात गोठाही बसला. त्या जागी आता सीताफळाचं झाड आहे, आणि त्याला फळंही बरी येतात. पण त्या गोठ्याचा टॅक्स आम्ही 2021 पर्यंत भरत होतो. कोणी फसवलं नव्हतं. पावती आली की रक्कम बघायची, कुरकुर करायची आणि पैसे द्यायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. कशाचे पैसे देतो, हे घरात कोणी वाचलंच नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. ओसरीत शिलाई मशीन आहे, ब्लाऊज आणि पिको-फॉलचं काम करते. मालक, म्हणजे माझा नवरा, 2020 मध्ये गेले. घर नावावर करायला ग्रामपंचायतीत गेले तेव्हा पहिल्यांदा नमुना आठ, म्हणजे पंचायतीच्या घरटॅक्सच्या वहीचा उतारा, हातात घेतला. त्यात तीन ओळी होत्या. सासऱ्यांच्या नावानं मातीचं घर, त्यांच्याच नावानं गोठा आणि मागची खुली जागा. 2012 मध्ये आम्ही बांधलेल्या स्लॅबच्या घराचा पत्ताच नव्हता. म्हणजे नसलेल्या गोठ्याचा टॅक्स चालू आणि असलेल्या घराची नोंद नाही.

आधी एक घोळ मिटवते, कारण त्यात माझ्या तीन चकरा वाया गेल्या. "आठ" दोन आहेत. पटवाऱ्याकडे मिळतो तो आठ-अ, तो शेतीचा खातेउतारा. ग्रामपंचायतीत सचिवाकडे मिळतो तो नमुना आठ, म्हणजे घरांची कर आकारणी नोंदवही. बँकेनं नुसतं "आठ आणा" म्हटलं की विचारा, घराचा की शेताचा. शेतसारा पटवाऱ्याकडे, घरटॅक्स पंचायतीत. आपण अजून पटवारी आणि सचिवच म्हणतो. सरकारनं 2024 मध्ये त्यांची नावं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी केली आहेत, अर्जावर तीच लिहा.

नमुना आठचा उतारा मागायला कारण सांगावं लागत नाही. साधा अर्ज आणि 20 रुपये. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे, त्यात हा उतारा 5 दिवसांत द्यायचा असतो. अर्जाची पोच घ्या. "उद्या या" हे उत्तर पोच दाखवली की जरा कमी ऐकू येतं.

उतारा मिळाला की घरी आणा, चहा ठेवा आणि निवांत वाचा. मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं, म्हणजे घर वापरणाऱ्याचं, नाव वेगळ्या रकान्यात असतं, दोन्ही बघा. मग मिळकतीचं वर्णन: माती, विटा-माती, पक्कं, आरसीसी. मग बांधकामाचं वर्ष, कारण घर जसं जुनं होतं तशी घसाऱ्यानं त्याची किंमत उतरते. 1995 चं घर 2015 चं लिहिलं तर भुर्दंड तुम्हालाच. शेवटी क्षेत्रफळ. ते चौरस फुटांतही असतं आणि चौरस मीटरमध्येही. फुटांचा आकडा मीटरच्या रकान्यात गेला तर घर कागदावर दहापटीहून मोठं होतं. टेप घ्या, पोराला दुसरं टोक धरायला लावा आणि मोजा. आमच्या घरात नऊ चौरस फुटांचा फरक निघाला. तेवढ्यासाठी मी भांडले नाही.

रक्कम येते कुठून

पूर्वी नुसत्या चौरस फुटावर टॅक्स बसायचा. 2015 च्या शेवटी नियम बदलले, आता भांडवली मूल्यावर बसतो. ऐकायला जड आहे, पण गणित चौथीच्या पोराला जमेल असं आहे. क्षेत्रफळाला जमिनीच्या दरानं गुणा. परत क्षेत्रफळाला बांधकामाच्या दरानं आणि घसाऱ्याच्या दरानं गुणा. दोन्हींची बेरीज करा आणि तिला वापराच्या भारांकानं गुणा. राहत्या घराचा भारांक 1, दुकानाचा 1.25. जे येईल ते घराचं भांडवली मूल्य. त्यावर दर हजारी काही पैसे किंवा रुपया-दीड रुपया असा कर. मातीच्या घराला कमी, स्लॅबला जास्त. किती, ते सरकारनं घालून दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत ग्रामपंचायत ठरवते.

समजा घर 50 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 540 चौरस फूट. जमिनीचा दर 300 रुपये धरला तर 15,000. बांधकामाचा दर 14,000 आणि घसारा 0.90 धरला तर 6,30,000. बेरीज 6,45,000. हजारी 1 रुपया 20 पैसे दर असेल तर कर 774 रुपये. हे आकडे नुसते समजण्यासाठी आहेत. तुमच्या गावचे दर पंचायतीत विचारा आणि कागदावर मांडून बघा.

आता हेच घर दुकान म्हणून लागलं तर 774 चे 967 रुपये 50 पैसे होतात. माझं तेच झालं होतं. फेरआकारणीला आलेल्या पोरानं ओसरीतली मशीन बघितली आणि अख्ख्या घरापुढे "वाणिज्य" लिहून मोकळा झाला. मी म्हटलं, "बापू, मी सैपाक काय दुकानात करतो काय?" मग ओसरीचे 80 चौरस फूट वेगळे मोजले आणि बाकीचं घर निवासी झालं. घरात किराणा, चक्की किंवा पिको असलेल्यांनी हा रकाना नक्की बघावा.

बिलात घरकर एकटा नसतो. दिवाबत्ती, आरोग्य आणि सामान्य पाणीपट्टी असते, घरी नळ असेल तर त्याची विशेष पाणीपट्टी वेगळी. एप्रिल-मे मध्ये नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही म्हणून आमच्या आळीत दोघांनी सगळंच बिल थांबवलं होतं. राग खरा होता, पण घरकर त्यात अडकला आणि वर दंड चढला. पाण्याची तक्रार लेखी द्या, ग्रामसभेत उभं राहा. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. तिथं आणखी एक विचारा. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ते झाले का? टॅक्स भरलेल्या माणसानं विचारलं की सरपंचही जरा सरळ बसतो.

कधी भरायचा

वर्ष एप्रिल ते मार्च. 30 सप्टेंबरच्या आत भरला तर 5 टक्के सूट, थकवला तर 5 टक्के दंड. ही तारीख ज्यानं ठरवली त्यानं कापूस कधी वेचला नसावा. सप्टेंबरात आपल्याकडे खिशात काय असतं? फवारणीची उधारी. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं, कापसाचा पैसा दिवाळीनंतर. म्हणून मी आता उलटं करते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर आणि हरभरा विकला की टॅक्सचे पैसे डब्यात वेगळे काढून ठेवते आणि नवीन बिल आलं की पेरणीच्या आधी भरून टाकते. 774 वर सूट 38 रुपये 70 पैसे, किलोभर साखरेलाही थोडे कमीच पडतात. पण मार्चअखेरीला वसुलीवाले दारात उभे राहतात आणि शेजारीण कुंपणावरून बघते, ते टळतं.

माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराचा कर माफ आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही.

पैसे पंचायतीत रोख देता येतात. बऱ्याच ठिकाणी आता क्यूआर कोड लावला आहे, आणि महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट या ऍपवरूनही भरता येतात. कसेही भरा, पण नमुना 10 ची पावती हातात आल्याशिवाय पैसे दिले असं समजू नका. एका वर्षी मी वसुलीला आलेल्या माणसाला दारातच 600 रुपये दिले. तो म्हणाला, "काकू, पुस्तक संपलं, उद्या आणून देतो." तो उद्या आलाच नाही आणि पुढच्या बिलात तीच रक्कम मागील बाकी म्हणून उभी. साक्षीदार कोण, तर शेळी! ते 600 मी परत भरले. आता पावतीवर साल, चालू आणि मागील बाकी, प्रत्येक कराची वेगळी रक्कम आणि सही हे सगळं बघूनच माणसाला दारातून जाऊ देते.

चूक दुरुस्त करायची तर

आकारणी साधारण चार वर्षांनी नव्यानं होते. तेव्हा यादी पंचायतीत लावतात आणि हरकती मागवतात. ती यादी बघायला जा, भले शेतात काम असो. हरकत लेखीच द्या, सोबत फोटो जोडा. मी सीताफळाच्या झाडाचा फोटो जोडला होता. ऐकलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं, पण मुदत असते म्हणून बसून राहू नका.

माझ्या बाबतीत दुरुस्ती दुधारी होती. गोठा निघणार, पण स्लॅबचं घर चढणार. जाऊबाई म्हणाल्या, "गप राह्य ना वो, काहून आपल्या हातानं टॅक्स वाढवून घेतं?" दोन दिवस मीही गप्प राहिले. मग पोरानं बँकेत कर्जासाठी विचारलं, तर तिथं घराचा कागद मागितला, आणि कागदावर घर मातीचं, तेही मेलेल्या आजोबांचं. अतिवृष्टीत भिंत पडली असती तरी पंचनाम्यात हाच घोळ झाला असता. मी नोंद करून घेतली. 340 चा टॅक्स 790 झाला. जाऊबाई अजून टोमणे मारतात.

नाव बदलायला मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र आणि टॅक्सची बाकी नसल्याचा दाखला लागला. बाकी असेल तर फेरफार अडतो, म्हणून आधी ती मिटवा. अर्ज मासिक सभेत जातो आणि तिथं ठराव होतो. ठराव झाला म्हणजे नोंद झाली असं नाही, नवीन उतारा काढून बघाच. माझ्या ठरावानंतर दीड महिना वहीत सासरेच होते. आणि बायांनो, नवरा जिवंत असतानाच घर दोघांच्या नावानं करून घ्या. तशी तरतूद आहे, अर्ज एका पानाचा आहे. मी तो केला असता तर ही अर्धी धावपळ वाचली असती.

नमुना आठवर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं मात्र नाही. तो कर वसूल करायचा कागद आहे. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजून भूमी अभिलेख खातं सनद आणि मिळकत पत्रिका देतं, ती जास्त वजनाची. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर दोन्हींवरची नावं आणि क्षेत्रफळ जुळवून बघा. आमच्या मिळकत पत्रिकेत खुली जागा दिराच्या बाजूला गेली आहे, त्याची हरकत चालू आहे.

बाकी खूप चढली की लोकअदालतीची नोटीस येते. आमच्या गावात ती आली की बाया रडायलाच बसतात. जेलमध्ये कोणी नेत नाही. जुन्या पावत्या घेऊन तारखेला जा, भरलेलं दाखवा, राहिलेलं भरा. दुर्लक्ष केलं तर मागणी लेख, म्हणजे बाकी भरा अशी लेखी ताकीद, आणि मग जप्तीपर्यंत जाता येतं, तो अधिकार पंचायतीला कायद्यानं आहे. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर बाकी नकोच, आणि निवडून आल्यावरही बिल मिळून तीन महिने कर भरला नाही तर सदस्यपद जाऊ शकतं.

पावत्या मी सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. 2017 ची उंदरानं खाल्ली आणि कार्बनवरची शाई तर दोन पावसाळ्यांत उडते. आता पावती मिळाल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढते आणि पोराला पाठवते.