एन्ड्युरन्स राइडची एंट्री रद्द केली, आता पैसे परत कसे मिळवायचे?

अमेरिकेत ५० किंवा १०० मैलांच्या एन्ड्युरन्स राइडला, म्हणजे घोड्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला, नाव नोंदवलं की पैसे जातात ते त्या राइडच्या मॅनेजरकडे किंवा आयोजक क्लबकडे. अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स, म्हणजे एईआरसी, राइडला मान्यता देते, नियम करते, मैलांची नोंद ठेवते. रिफंड किती द्यायचा हे मात्र ज्याची राइड तो ठरवतो. त्यामुळे एका ठिकाणी सगळे पैसे मिळाले म्हणून दुसरीकडे मिळतील असं धरून चालू नका.

फॉर्म भरताना दोन गोष्टी शोधा: कटऑफची, म्हणजे माघार कळवायची शेवटची तारीख, आणि व्हेट-इनबद्दलचं, म्हणजे राइडआधीच्या घोड्याच्या तपासणीबद्दलचं वाक्य. नेहमीची पद्धत अशी, की कटऑफच्या आधी कळवलं तर प्रोसेसिंगचा खर्च कापून बाकी परत. कटऑफनंतर पण व्हेट-इनच्या आधी कळवलं तर जेवण, टी-शर्ट वगैरे वजा. व्हेट-इन झाल्यावर काहीच नाही. समजा फी १८० डॉलर आहे, जेवणाचे २५ आणि प्रोसेसिंगचे १० कापले, तर हातात १४५ येतात. आकडे राइडगणिक बदलतील, पण कापाकापी कशाची हे फॉर्मवर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर पैसे भरायच्या आधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

खरी भांडणं व्हेट-इनपाशी होतात. राइडच्या आदल्या दिवशी पशुवैद्य घोड्याची नाडी, आतड्यांचा आवाज, अंगातलं पाणी तपासतात, त्याला दुडक्या चालीनं पळवून बघतात, आणि मग घोड्याच्या पुठ्ठ्यावर रंगीत खडूनं नंबर पडतो. इथून पुढे सेवा घेतली असं धरलं जातं. दुसऱ्या दिवशी २५ मैलांवर घोडा लंगडला, किंवा नाडी ठरलेल्या आकड्यापर्यंत वेळेत उतरली नाही आणि बाहेर काढलं, तर रिफंडचा हक्क उरत नाही. पशुवैद्यांचं मानधन, फिरती शौचालयं, जमिनीचे परवाने, पाण्याच्या टाक्या या सगळ्यावर खर्च होऊन गेलेला असतो. त्यातून तुमच्या घोड्याला थांबवणं हेच तर त्या पशुवैद्याचं काम. व्हेट-इनलाच घोडा नापास झाला तर काय, याबद्दल बरेच फॉर्म गप्प असतात. हाच प्रश्न आधी विचारून ठेवावा.

आयोजकानं राइड रद्द केली तर? कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही १०० मैलांची राइड २००८ मध्ये वणव्यांमुळे आणि २०२० मध्ये कोविडमुळे झाली नाही. अशा वेळी तीन शक्यता असतात: पैसे परत, पुढच्या वर्षाकडे वर्ग, किंवा खर्च वजा जाता उरलेलं. फॉर्मवर यांपैकी काही लिहिलेलं नसेल तर तुमची बाजू बरीच भक्कम असते.

माघार घेताना फोनवर विसंबू नका. शेवटच्या आठवड्यात मॅनेजर रानात वाटेवर खुणेच्या रिबिनी बांधत असतो, तिथे नेटवर्क नसतं. ईमेल करा: राइडचं नाव, तारीख, अंतर, स्वाराचं आणि घोड्याचं नाव, भरलेली रक्कम, पैसे भरल्याचा दिनांक, पैसे कुठल्या मार्गाने परत हवेत. कारण एका ओळीत पुरे. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलवर आठवण द्या, मग क्लबच्या खजिनदाराला लिहा.

तरीही दाद लागली नाही तर पैसे कसे भरले त्यावर पुढचं अवलंबून. क्रेडिट कार्ड असेल तर अमेरिकी कायद्यानुसार, ती रक्कम ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा दिसली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवावं लागतं. पेपॅलवर १८० दिवसांत तक्रार नोंदवता येते, पण पैसे मित्र-नातेवाईक पर्यायाने पाठवले असतील तर संरक्षण नाही. चेक अजून वटला नसेल तर बँकेला सांगून थांबवता येतो, मात्र आधी मॅनेजरला कळवा.

बँकेत कारण निवडताना लोक हमखास चुकतात. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं नोंदवलं, की आयोजक तुमची सही असलेला फॉर्म पुढे करतो आणि विषय संपतो. खरं कारण ‘राइड झाली नाही’ किंवा ‘रद्द करूनही पैसे जमा झाले नाहीत’ हे असतं. सोबत रिफंडच्या अटींचा स्क्रीनशॉट आणि माघारीचा ईमेल जोडा. तक्रार चालू असताना मॅनेजरनं पैसे पाठवलेच तर त्याच दिवशी बँकेला सांगा, नाहीतर दोनदा जमा होतात आणि नवं लफडं सुरू होतं. हे जग लहान आहे, पुढच्या मोसमात त्याच लोकांच्या तळावर ट्रेलर लावायचा असतो. तेव्हा बँकेची पायरी शेवटीच चढावी.

भारतात पैसे भरले असतील तर आधी दोन तक्रारी वेगळ्या करा. यूपीआयनं खात्यातून पैसे गेले पण आयोजकाच्या व्यापारी खात्याला ते मिळाल्याची पावती पोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहारानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. १२ आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक देऊन ॲपमध्ये तक्रार करा. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पैसे आयोजकाला पोचले आणि तो परत देत नाही, ही मात्र ग्राहक तक्रार. लोकपालाचा तिथे संबंध नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत २ वर्षं. घोड्याचा ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाचा चाचणी अहवाल वेळेत आला नाही म्हणून आयोजकानं प्रवेश नाकारला असेल, आणि ती अट आधीच जाहीर असेल, तर मात्र तक्रार टिकणं अवघड.