खडी किती ब्रास लागेल? १२०० ने भागा
अंगणात किंवा पार्किंगला खडी टाकायची तर किती ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) मागवायची हेच कळत नाही, मग गाडीवाला म्हणेल तेवढी घ्यावी लागते.

१. जागेची लांबी आणि रुंदी फुटात मोजा, थराची जाडी इंचात.
२. तिन्ही आकडे गुणा आणि १२०० ने भागा, आले ब्रास. म्हणजे २० बाय १५ ची जागा, ४ इंच थर, बरोब्बर १ ब्रास.
३. दबून बसते म्हणून दहा टक्के वरचे धरा, मुरुम असेल तर त्याहून जास्तच.

फक्त माल ओतायच्या आधी गाडीच्या हौद्याला टेप लावा, आतली लांबी रुंदी आणि खडी भरलीये तेवढीच उंची, सगळं फुटात, गुणून १०० ने भागायचं, कारण फाळक्यापाशी (हौद्याच्या मागच्या झडपेपाशी) ढीग दिसतो आणि आतले कोपरे रिकामे असतात.