ट्रेनिंगमध्ये वारलेला घरातला पायलट कसा शोधायचा

दुसऱ्या महायुद्धात ट्रेनिंग चालू असताना विमान पडून गेलेला, मुंबईत वाढलेला आजोबांचा भाऊ वगैरे कोणी तुमच्या घरात असेल तर लढायांची पुस्तकं आधी बाजूला ठेवा, त्यात तो सापडायचा नाही. तो सापडतो अपघाताच्या कागदांत आणि घरच्यांच्या बोलण्यात, आणि सगळ्यात आधी लागते तारीख.

आता तारीख कोणाला आठवते? तिथी आठवते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला गाठा आणि श्राद्ध कधी करायचे ते विचारा. पण ती पितृपक्षातली चतुर्दशी म्हणाली तर ती गेल्याची तिथी धरू नका, अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्यांचं पितृपक्षातलं श्राद्ध त्याच दिवशी करतात, माणूस वर्षात कधी का गेलेला असेना. वर्षश्राद्धाची तिथी विचारा. मग ऑनलाइन पंचांगात साल टाकून इंग्रजी तारीख काढा, फक्त सेटिंग अमान्त, म्हणजे महिना अमावास्येला संपणारं, आहे ना ते बघा. उत्तरेकडचं पौर्णिमान्त, पौर्णिमेला महिना संपणारं, असेल तर वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं, आपला आश्विन वद्य तो त्यांचा कार्तिक, आणि तुम्ही बसता भलत्याच महिन्यात शोधत.

तारीख हाताशी आली की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट उघडा, फुकट आहे. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना गेलेल्यांची नावं त्यात आहेत, ट्रेनिंगमधले अपघातसुद्धा. आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, नाहीच लागलं तर नाव सोडा, नुसती तारीख आणि इंडियन एअर फोर्स टाका. सर्व्हिस नंबर, रँक आणि नशीब असेल तर खाली एक ओळ मिळते, अमक्या-तमक्यांचा मुलगा, राहणार बॉम्बे. वडिलांचं नाव तिथेच पडताळून घ्या. दहन झालेल्यांची कबर नसते, नाव स्मारकावर असतं, त्यामुळे जन्मात तिकडे न गेलेल्या मुलाचं नाव सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर दिसलं तरी दचकू नका. आणि मस्जिद बंदरच्या सेलर्स होममधलं स्मारक खलाशांचं आहे, तिथे उगाच चक्कर नको.

गेला कुठे यावरून तो कुठवर शिकला होता तेही कळतं. लाहोरजवळ वॉल्टनला सुरुवातीचं शिक्षण, मग बेगमपेट किंवा जोधपूरला टायगर मॉथ हे शिकण्याचं छोटं विमान, पुढे अंबाल्याला मोठी विमानं, आणि रिसालपूर किंवा पेशावर असेल तर पोरगा स्क्वाड्रनच्या अगदी दारात पोचलेला. १९४० मध्ये २४ भारतीय पायलट इंग्लंडला पाठवले होते, तुमचा त्यातला असेल किंवा रॉयल एअर फोर्सच्या युनिटमध्ये असेल तर लंडनच्या आरएएफ म्युझियमला फॉर्म ११८० बद्दल मेल करा, ते अपघाताचं कार्ड असतं. लंडनलाच क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एआयआर ८१ या सिरीजमध्ये कॅज्युअल्टी फायली, म्हणजे मृत आणि बेपत्ता झालेल्यांच्या, आहेत. भारतीय विमानदलासाठी भारत रक्षक या वेबसाइटचा डेटाबेस आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे ऑनलाइन पोर्टल, दोन्हीकडे शोधा.

हे झालं मरणाचं. माणूस कसा होता ते मुंबईतच मिळणार, आणि माझ्या मते खरी मजा इथेच आहे. शाळा कुठली ते कळलं की तिथल्या जनरल रजिस्टरची नोंद मागा, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा कधी सोडली, सगळं एका ओळीत असतं. साधा अर्ज लिहा, नातं दाखवणारा कागद जोडा आणि मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ नका, क्लार्क भेटत नाहीत.