डेल्फिनियम उन्हाळ्यात जगवायला जाऊ नका: बेळगावच्या बागेत हमखास होणाऱ्या चुका

मार्च लागला की नर्सरीवाला डेल्फिनियमच्या निळ्या तुऱ्यांच्या कुंड्या मुद्दाम दारातच मांडून ठेवतो. बघून राहवत नाही. मीही एकदा अशीच फुललेली कुंडी घरी आणली, टिळकवाडीतल्या गच्चीवर ठेवली आणि रोज दोनदा पाणी घातलं. सतरा दिवसांत कारभार आटोपला. पुढच्या वर्षी नव्या कुंडीवर हिरवी जाळी बांधली, भोवती ओली पोती लावली. फरक इतकाच, की ही पंचवीस दिवस टिकली.

चूक जाळीची नव्हती, पंचांगाची होती. डेल्फिनियम मूळचं युरोप ते सैबेरियाच्या थंड डोंगरांतलं. तिथे ते हिवाळ्यात जमिनीखाली झोपतं, वसंतात पुन्हा फुटतं आणि वर्षानुवर्षं जगतं. पाकिटावर ‘बहुवर्षायू’ असतं ते त्या हवेपुरतं. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, साडेसातशे मीटरची उंचीही आहे, पण एप्रिलमधल्या दुपारी पारा ३५ च्या वर जातोच. अथणी, रायबाग, गोकाककडचं तर बोलायलाच नको. शिवाय झाडाला दुपारपेक्षा रात्र जास्त नडते. रात्र गार पडली नाही तर दिवसभर कमावलेलं अन्न ते रात्रीच जाळून बसतं. सावलीची जाळी ऊन अडवते, रात्र गार करत नाही.

म्हणून डेल्फिनियमला शाळू-हरभऱ्याच्या रांगेत बसवा. थंडीचं पीक, थंडीबरोबर संपणारं. माझा हिशोब असा: गणपती गेले की बी आणायचं, दसऱ्याच्या सुमाराला पेरायचं, दिवाळीनंतर रोपं जागेवर लावायची. पेरल्यापासून फुलाला चार ते पाच महिने लागतात, म्हणजे तुरे फेब्रुवारीत. पेरणी डिसेंबरवर ढकलली तर कळ्या धरायला आणि झळा लागायला एकच गाठ पडते.

‘बी उगवलंच नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. बहुतेकांनी बी मातीवर भुरभुरवून ट्रे उन्हात ठेवलेला असतो. या बियाला उगवायला अंधार लागतो आणि गारवाही, साधारण १५ ते २० अंश. शिवाय ते लवकर जुनं होतं. गेल्या वर्षीचं उरलेलं पाकीट दुकानाच्या गरम फळीवर पडून असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. ताजं बी ओलसर टिश्यू पेपरच्या घडीत पसरा, घडी प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि आठ-दहा दिवस फ्रीजमध्ये ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नव्हे, खाली भाजीजवळ. मग पेरून वर पाव सेंटीमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाका, ट्रेवर वर्तमानपत्र झाका आणि तो घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात सरकवा. आमच्याकडे ती जागा पाण्याच्या टाकीच्या सावलीत सापडली. कोंब यायला दोन-तीन आठवडे लागतात. रोज बोटाने उकरून बघायची हौस आवरा, आणि कोंब दिसताच कागद काढा, नाहीतर रोपं पांढरी, लांबुडकी होतात.

आता पाणी. झाड मान टाकतं तेव्हा हात तांब्याकडे जातो आणि तिथेच घोटाळा होतो. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी ताठ झालं तर तो उन्हाचा थकवा, काही करू नका. पहाटेच सुकलेलं दिसलं आणि माती मात्र ओली असली तर मुळाशी कुज आहे, पाणी तोडा. एकदा बुंध्याजवळची माती खुरप्याने बाजूला करून पाहा. पांढरं कापसासारखं जाळं आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ते झाड गेलंच म्हणून समजा. भुईमूग करणाऱ्यांना ही बुरशी ओळखीची आहे. वळवाच्या सरीनंतर, गरम आणि ओल्या मातीत ती फोफावते. झाड आजूबाजूच्या मातीसकट बुट्टीत भरून बाहेर काढा. खताच्या खड्ड्यात टाकलंत तर पुढच्या वर्षी तीच बुरशी साऱ्या परड्यात पसरेल.

चिक्कोडी-अथणीकडच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, तिथे वाफा वीतभर उंच करा. खानापूरकडची तांबडी माती आंबट असते, तीत चुलीची मूठभर राख किंवा थोडा चुना मिसळा. उसाच्या पाचटाचं आच्छादन उत्तम, फक्त ते बुंध्याला चिकटू देऊ नका. आणि युरियाचा मोह नको. पाला माजतो, दांडा पोकळ असल्यामुळे तो आधीच नाजूक, मग बेळगावच्या वाऱ्यात मधोमध मोडतो. कळी दिसायच्या आधीच बांबूची काठी रोवा आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीने सैल बांधा. सुतळी दांड्याला कापते.

पानांवर पिठासारखी भुरी आली तर गंधक चालतं, पण पारा ३२ च्या पुढे गेल्यावर मारलं तर पानं करपतात. संध्याकाळी पानांवर पाणी मारायची सवय सोडली तर भुरी येतेच कमी. कळ्या काळ्या पडून वेड्यावाकड्या झाल्या तर तो कोळी नावाच्या सूक्ष्म किडीचा प्रताप. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या कीटकनाशकाने मरतही नाही. तेवढा शेंडा छाटून जाळा.

एवढी उठाठेव नको असेल तर लार्कस्पर लावा. डेल्फिनियमचंच हे धाकटं, वर्षायू भावंड आणि आपल्या हवेला पुष्कळ सोसणारं. त्यात एकच चूक सर्रास होते: ट्रेमध्ये रोपं करून ती हलवली जातात. त्याचं सोटमूळ दुखावलं की झाड बसतं. बी जागेवरच पेरा, वीतभर अंतर ठेवून विरळणी करा. आणि पावसाळा सरता सरता घाटावर निळवंती फुललेली दिसली तर ती उपटून आणू नका. तीही डेल्फिनियमच, पण फक्त सह्याद्रीत सापडणारी. घाट सोडून ती कुंडीत रमायची नाही.

मार्चअखेर तुरे ओसरले की झाडं काढा आणि वाफ्यात झेंडू घ्या. उपटलेला पाला मात्र गोठ्याकडे नेऊ नका. आमच्या शेजारच्या आजी एकदा तो पेंढीसारखा बांधून म्हशीसमोर टाकायला निघाल्या होत्या, मी कुंपणावरूनच ओरडलो. डेल्फिनियमचं पान, दांडा, बी सगळंच विषारी आहे आणि गाई-म्हशी त्याने दगावू शकतात.