ग्राफक्यूएलचं इंट्रोस्पेक्शन: इनपुट कुठलं आणि आउटपुट कुठलं ते कसं ओळखायचं

सोलापूरला चाटी गल्लीत मामांचं चादरीचं दुकान आहे, त्यांच्या ऑर्डरी मोबाईलवर घ्यायचं ॲप मी करतोय. सर्व्हर दुसऱ्यानं लिहिलेला आणि त्याची लेखी माहिती काहीच नाही. पण ग्राफक्यूएल (ॲपनं सर्व्हरकडं डेटा मागायची एक भाषा) असेल तर अडत नाही, सर्व्हरलाच विचारता येतं तुझ्याकडं काय काय आहे म्हणून, यालाच इंट्रोस्पेक्शन म्हणायचं.

आधी क्वेरीत, म्हणजे सर्व्हरला पाठवायच्या प्रश्नात, दोन अंडरस्कोर आणि त्याला चिकटून स्कीमा (सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाचा आराखडा) लिहा, आत टाइप्स, त्याच्या आत नेम आणि काइंड मागा. सगळ्या टाइपांची, म्हणजे डेटाच्या साच्यांची, यादी येईल, आणि प्रत्येक टाइप कुठल्या जातीचा ते काइंड सांगेल. दोन अंडरस्कोरनं सुरू होणारी नावं ग्राफक्यूएलची स्वतःची असतात, ती सोडून द्या.

आता काइंड बघा, खरी गोम इथंच आहे. काइंड एकूण 8. ऑब्जेक्ट (फील्ड्स म्हणजे रकाने असलेला टाइप), इंटरफेस (अनेक ऑब्जेक्टांचे सामायिक फील्ड्स) आणि युनियन (अनेक ऑब्जेक्टांपैकी कुठलाही एक) फक्त उत्तरात येतात, म्हणजे आउटपुट. इनपुट ऑब्जेक्ट फक्त आपण पाठवायचा. स्केलर (आकडा, मजकूर अशी साधी किंमत) आणि इनम (ठरलेल्या पर्यायांतला एक) दोन्हीकडं चालतात. उरलेले लिस्ट (यादी) आणि नॉन-नल (नल म्हणजे रिकामं चालणार नाही असं) म्हणजे नुसतं वेष्टन, आत काय आहे त्यावर ठरतं. म्हणून तर चादरीची ऑर्डर वाचायला एक टाइप आणि नवीन ऑर्डर टाकायला दुसराच टाइप दिसतो, कारण ऑब्जेक्टच्या फील्डला स्वतःचे आर्ग्युमेंट (मागताना सोबत द्यायच्या किमती) असू शकतात, आत युनियन असू शकतं, असलं काही पाठवायच्या डेटात बसतच नाही.

मग एकेक टाइप उघडा, दोन अंडरस्कोर आणि त्याला चिकटून टाइप लिहून त्या टाइपाचं नाव द्यायचं. ऑब्जेक्ट असेल तर फील्ड्स मागा, इनपुट ऑब्जेक्ट असेल तर इनपुटफील्ड्स, यातला मधला एफ कॅपिटल. मी ऑर्डरच्या इनपुटवर नुसतं फील्ड्स मागितलं, नल आलं, आणि सर्व्हरच बिघडलाय समजून अख्खी दुपार घालवली. नल म्हणजे टाइप रिकामा असं नाही हो, त्या काइंडला तो प्रश्न लागू नाही एवढंच.

फील्डचा टाइप मागितला आणि नेम नल आलं तर वेष्टन लागलंय समजा, ऑफटाइप मागत आत जा, यातला टी कॅपिटल. आमच्या ऑर्डरमधली चादरींची यादी नॉन-नल, तिच्या आत लिस्ट, परत नॉन-नल आणि मग खरा इनपुट ऑब्जेक्ट अशी होती, म्हणजे 3 वेळा ऑफटाइप.

म्युटेशनचे (सर्व्हरवरचा डेटा बदलायच्या विनंतीचे) आर्ग्युमेंट आणि इनपुटफील्ड्स इंट्रोस्पेक्शनमध्ये एकाच साच्यात येतात: नेम, डिस्क्रिप्शन, टाइप, डिफॉल्टव्हॅल्यू (आपण काही दिलं नाही तर धरायची किंमत). टाइप नॉन-नल आणि डिफॉल्ट नल, तर ते भरावंच लागतं. नॉन-नल असून डिफॉल्ट दिलेलं असेल तर सोडलं तरी चालतं. दिलेलं डिफॉल्ट कायम स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून येतं, आकडा असला तरी, तेव्हा कोडमध्ये थेट वापरू नका.

आणि लाइव्ह सर्व्हरवर इंट्रोस्पेक्शन बऱ्याचदा बंद ठेवतात, तेव्हा सर्व्हरवाल्याकडून स्कीमाची फाइल मागून घ्या.